चांगल्या क्वालिटीची डीव्हीडी करायला कोणता फॉरमॅट आणि काय सेटिंग ठेवावं?

मोबाईलवर काढलेले व्हिडिओ डीव्हीडीवर टाकले की टीव्हीवर चौकोन चौकोन दिसतात, मग आधी एमपी४ करू की एव्हीआय, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही नको. प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीत व्हिडिओ शेवटी एमपेग-२ (डीव्हीडीचा ठरलेला व्हिडिओ फॉरमॅट) मध्येच जातो, तिथे निवडायला काही नाही, त्यामुळे मधे जितके फॉरमॅट घालाल तितक्या वेळा चित्र खराब होतं. मोबाईलची मूळ फाईल एडिट करून थेट एमपेग-२ करा, एकदाच. मी सुरुवातीला नेमकी हीच चूक केली, आधी एमपी४ काढली, मग तिचं एमपेग-२ केलं आणि डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत एन्कोड केलं (म्हणजे दाबून नव्याने बनवलं), तीनदा रगडलेलं चित्र कसं चांगलं दिसणार! त्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडीच्या नियमात बसणारी फाईल परत एन्कोड करू नये असा पर्याय असतो तो आधी शोधा.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला व्हिडिओ किती डेटा वापरतो ते, खरा खेळ इथेच आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, म्हणून मी ६०० ला एकूण मिनिटांनी भागतो, जे येईल ते एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), त्यातून आवाजाचे पाव एमबीपीएस वजा. म्हणजे दोन तासाला पावणेपाच, दीड तासाला साधारण ६.४. तासाभराचं असेल तर हिशोबाने ९.७ येतात आणि नियमाने ९.८ पर्यंत चालतं, पण मी ८ च्या वर जात नाही कारण घरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर अडखळते. दोन तासांच्या वर एका डिस्कवर कोंबू नका, सरळ दोन डिस्क करा किंवा ८.५ जीबीची डबल लेअर घ्या. व्हीबीआर टू-पास ठेवा (सॉफ्टवेअर व्हिडिओ दोनदा तपासून सीनप्रमाणे बिटरेट कमीजास्त करतं), वेळ जास्त लागतो पण गर्दीचे, हलणारे सीन वाचतात.

आवाज एसी-३ (डॉल्बीचा दाबलेला आवाज), ४८ किलोहर्ट्झ, २५६ केबीपीएस पुरे, पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवलात तर तोच दीड एमबीपीएस खातो आणि चित्राच्या वाट्याचं जातं.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. मोबाईल साधारण ३० फ्रेमने शूट करतो आणि पाल (भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमची, मग कॅमेरा फिरला की चित्र झटके खातं. अशा वेळी ७२० बाय ४८० ची, २९.९७ फ्रेमची एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) डिस्क करा, पाल वाले बहुतेक प्लेअर ती चालवतात. मूळच २५ फ्रेमचं असेल तर पाल, ७२० बाय ५७६. आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९ लावायला विसरू नका नाहीतर माणसं लांबुडकी दिसतात. मोबाईलचं शूटिंग प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम अख्खी) असतं ते तसंच राहू द्या, जुन्या डीव्ही कॅमकॉर्डरच्या टेपचं असेल तरच इंटरलेस्ड (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचे दोन भाग) आणि बॉटम फील्ड फर्स्ट (खालच्या ओळींचा भाग आधी), हा क्रम उलटा झाला तर हालचाल थरथरते.

पहिली कॉपी रीरायटेबल डिस्कवर काढा आणि कॉम्प्युटरवर नाही, टीव्हीवरच बघा.