अभ्यासात लक्ष लागत नाही? आधी एवढंच करा

सुरुवातीलाच दहा-बारा तासांचं वेळापत्रक आखू नका. चार दिवसांत ते कोलमडतं आणि मग अभ्यास राहतो बाजूला, नुसती चुटपुट लागते. पहिले दोन आठवडे 40-45 मिनिटांच्या चार बैठका पुरे. मध्ये 10 मिनिटं उठा, फिरा. मोबाइल मात्र नको. तो सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वेळ बघायला साधं घड्याळ घ्या.

बसण्याआधी कागदावर नेमकं काम लिहा. ‘भौतिकशास्त्र करायचं’ असं नव्हे, तर ‘घर्षणाची 15 गणितं, उत्तरं न बघता’. काम मोघम असलं की मन भरकटतं. मध्येच कुणाला फोन करायचा आठवला, तर शेजारच्या चिठ्ठीवर एका ओळीत टिपा आणि गणित पुढे चालू.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एका विषयाला तीन-तीन पुस्तकं. एकच धरा.
- नुसतं वाचत अधोरेखित करणं. पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. काय येत नाही ते लगेच उघडं पडतं, आणि डुलक्याही कमी येतात.
- झोप कापून तास वाढवणं.

सराव चाचण्यांचं नियोजन महिन्याभराने करा, आत्ता त्यात शिरू नका.