क्रेडिट कार्डाच्या जुन्या थकबाकीचा एकतर्फी निकाल पगारजप्तीची नोटीस आल्यावर कळला. आता काही करता येईल का?

येईल. मी वकील नाही, पण यातून स्वतः गेलोय, त्यामुळे कोर्टाच्या बाकावर बसून जेवढं शिकलो तेवढं सांगतो.

2012 मध्ये नोकरी गेली आणि कार्डाची बिलं भरणं थांबलं. डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून पुण्याला आलो. 2019 मध्ये ऑफिसात अकाउंट्सवाल्यांनी बोलावून कोर्टाचा कागद पुढे सरकवला. दावा कधी लागला, निकाल कधी झाला, मला काहीच पत्ता नव्हता. डोक्यात एकच, सत्तर हजारांचे अडीच लाख झालेच कसे! तुम्हीही बहुधा तिथेच अडकला असाल. तो हिशोब तूर्त बाजूला ठेवा. हुकूमनामा (निकालानंतरचा कोर्टाचा लेखी हुकूम) उभा आहे तोवर जप्तीच्या दरखास्तीत, म्हणजे वसुलीसाठी बँकेने केलेल्या अर्जात, रकमेवर तुमचं कोणी ऐकणार नाही. 'कर्ज फार जुनं आहे' हेही तिथे चालत नाही. तीन वर्षांची मुदत दावा लावायला असते. एकदा हुकूमनामा झाला की वसुलीला 12 वर्षं मिळतात.

आधी बघायचं ते समन्सचं काय झालं. त्या कोर्टात नक्कल अर्ज करून दावा, हुकूमनामा, रोजनामा (तारखेगणिक झालेल्या कामाची नोंद) आणि मुख्य म्हणजे बेलिफाचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल काढा. केस नंबर कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर नावाने शोधता येतो. माझ्या नकलेत बेलिफाचा शेरा होता, 'सदर इसम खोली सोडून गेला'. मग बँकेने 'पत्ता मिळत नाही' असं शपथेवर सांगून पेपरात जाहीर समन्स छापलं. आणि त्याच वर्षी त्याच बँकेची वसुलीची पत्रं पुण्याच्या घरी येत होती! बायकोला कागद टाकून द्यायचा कंटाळा, म्हणून ते लिफाफे माळ्यावर सापडले. माझा अर्ज त्यांच्यावरच तरला.

एकतर्फी निकाल रद्द करण्याचा हा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9, नियम 13 खाली करायचा. मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हे दिवस निकाल कळल्यापासून मोजतात, आणि पेपरातलं समन्स इथे रीतसर बजावणी धरत नाहीत (मुदत कायदा, अनुच्छेद 123). उशीर झालाच असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. पण बेलिफाने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला असेल आणि तुम्ही खरंच नकार दिला असेल, तर वकिलाला खरं सांगा. नकार म्हणजे बजावणीच धरतात. आणि सुनावणीची तारीख तुम्हाला माहीत होती असं दिसलं, तर बजावणीतल्या बारीकसारीक चुकीवर निकाल रद्द होत नाही.

नुसत्या या अर्जाने जप्ती थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. कोर्ट काही रक्कम भरायलाही सांगू शकतं. पगार सगळा जात नाही: पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो.

माझा निकाल तीन हजार खर्च भरण्याच्या अटीवर रद्द झाला. मग कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, मुदतीचा मुद्दा घेतला. शेवटचा भरणा आणि दावा यांत चार वर्षं गेली होती, मधे माझी सही असलेला एकही कागद नव्हता. दावा फेटाळला गेला, पण त्याला आणखी दीड वर्ष लागलं. तेव्हा वसुलीवाला 'सेटलमेंट'चा कागद घेऊन आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. मुदत गेलेलं कर्ज फेडण्याचं लेखी वचनही करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे बंधनकारक ठरतं.

एक मात्र आजच बघा. कागदावर 'लवाद' किंवा 'आर्बिट्रेशन' असं आहे का? म्हणजे कोर्टाऐवजी पंचाने दिलेला निवाडा. तसं असेल तर वरचा रस्ता लागू नाही. तिथे निवाड्याला आव्हान द्यायला तो हातात पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर वर फार तर 30 दिवस, एवढीच मुदत असते. नोटीस तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाली, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.