मोकळ्या कोंबड्या आणि गिनी फाऊल यांना रानमांजर-मुंगसापासून कसं वाचवायचं?

तुमच्या कोंबड्या आणि गिनी (कोंबडीसारखाच ठिपकेदार पाळीव पक्षी) दिवसभर परड्यात मोकळ्या फिरतात, अधूनमधून एखादी गायब होते, म्हणून सगळ्या जागेला जाळी मारायचं तुमच्या मनात आहे. त्याआधी नेतंय कोण ते बघा. बऱ्याच एकदम मारून तिथंच टाकलेल्या असतील तर बहुतेक कुत्री. एकाच जागी उपटलेल्या पिसांचा ढीग असेल तर शिकारी पक्षी. रात्रीत अख्खी कोंबडी नाहीशी झाली तर रानमांजर नाहीतर कोल्हा. मुंगूस भरदिवसा येतो, तोही नेमका आपण जेवायला बसलो की!

अख्ख्या परड्याला जाळी मारण्यापेक्षा तो पैसा खुराड्यावर घाला. बाजारात मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला अडवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी घरांची मजबूत जाळी) घ्या. खालची कड बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं, तिथं त्याच्या नखांना तार लागते. तिन्हीसांजेला दार बंद, कडीला खिट्टी.

खरी डोकेदुखी गिनीची. त्या राखण करतात असं विकणारे सांगतात, पण त्या फक्त ओरडतात. अंधार पडला की झाडावर चढतात आणि घुबडाला, रानमांजराला आयत्या सापडतात. नवीन आणलेल्या गिनी महिनाभर तरी कोंडूनच ठेवा, आणि पुढंही संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाका. त्याहून बरं म्हणजे गिनीची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली बसवा. पिल्लं तिच्यामागून आपोआप खुराड्यात शिरायला शिकतात. फक्त दोन्ही अंडी एकत्र घालू नका, कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, गिनीला २६ ते २८ लागतात.

गिनीची मादी गवतात अंडी घालून रात्रीही तिथंच बसते आणि तशीच उचलली जाते. नर एकटाच एका जागी घुटमळताना दिसला की आसपास शोधा. सगळी अंडी काढू नका, तीन-चार राहू द्या, नाहीतर ती जागा बदलते.

घार आणि शिक्रा पिल्लांवरच टपलेले असतात. पिल्लं मोठी होईपर्यंत डालग्याखाली, नाहीतर वर जुनं मासेमारीचं जाळं ताणून ठेवा. विष किंवा फासकी मात्र लावू नका. मुंगूस, रानमांजर, कोल्हा या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय विषाला पहिला बळी जातो तो घरचाच कुत्रा.