वाचकांचे प्रश्न : यंत्र आधी दाखवलं, पेटंट नंतर आठवलं

प्रश्न : ट्रॅक्टरला जोडून कापसाच्या पऱ्हाट्या मुळासकट उपटणारं यंत्र वर्कशॉपमध्ये तयार केलं. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मांडलं, यूट्यूबवर व्हिडिओही टाकला. आता पेटंट मिळेल का? (एक फॅब्रिकेटर, जिंतूर)

व्हिडिओत जे स्पष्ट दिसतं ते आता 'नवं' राहिलेलं नाही. दाखवणारे तुम्हीच होतात, म्हणून कायदा सोडत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. तालुक्याचा मांडव त्यात बसत नाही. कलम ३२ तुमच्या जास्त कामाचं आहे : जे यंत्र उघड्यावर चालवल्याशिवाय तपासताच येत नाही, त्याची रानातली चाचणी अर्जाआधी वर्षभरात झाली असेल तर ती आड येत नाही. मात्र चाचणीच. दोन यंत्रं विकली असतील तर ती चाचणी नव्हे.

तरी सगळंच हातचं गेलं असं नाही. व्हिडिओ पुन्हा थांबवून थांबवून बघा. उलटसुलट फिरणारे दोन रोलर दिसतात, पण काळी माती रोलरला लिंपू नये म्हणून आतून बसवलेली खरवडपट्टी दिसते का? ती दिसत नसेल आणि तुम्ही कुठं बोललाही नसाल, तर अर्ज त्या सुधारणेवर करा. खरवडपट्ट्या इतर यंत्रांतही असतात, त्यामुळं तुमच्या पट्टीचा कोन किंवा जागा यातून वेगळं काय साधलं, ते चाचणीच्या आकड्यांनी दाखवावं लागेल. व्हिडिओ आता काढून टाकला तरी टाकल्याची तारीख पुसली जात नाही. अमेरिकेत संशोधकानं स्वतः केलेल्या जाहीर वाच्यतेला एक वर्षाची मुभा आहे. युरोपात अशी मुभा नाही.

प्रश्न : अर्ज मराठीत चालतो का? मुंबईला जावं लागतं का? खर्च किती? (परतूर)

मराठीत चालत नाही. इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो. महाराष्ट्र मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडं येतो, पण डिजिटल स्वाक्षरी असली तर परतुरात बसून ऑनलाइन भरता येतो. कागदावर दिला तर शुल्क १० टक्क्यांनी वाढतं.

नमुना १ म्हणजे अर्ज, नमुना २ म्हणजे शोधाचं वर्णन. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. त्यात ३० पानं आणि १० दावे (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारी वाक्यं) बसतात. पुढं प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. यंत्राचं काम अजून चालू असेल तर आधी तात्पुरतं वर्णन देऊन तारीख पक्की करा आणि १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्या. तात्पुरतं म्हणजे चार ओळी खरडणं नव्हे. त्यात जे लिहिलं त्यालाच ती तारीख मिळते, नंतर घातलेल्याला नाही.

बहुतेक अर्ज दाव्यांत मार खातात. समजा वरच्या जिंतूरच्या यंत्रासाठी लिहिलं : '६ इंची रबरी रोलर असलेलं यंत्र'. शेजारचा ७ इंची लोखंडी रोलर लावून मोकळा होतो. उलट नुसतं 'पऱ्हाटी उपटणारं यंत्र' लिहिलं, तर परीक्षक जुन्या यंत्राचा एक कागद पुढं करतो आणि दावा पडतो. म्हणून पायऱ्या करा. पहिल्या दाव्यात रोलरची जोडी आणि खरवडपट्टी, मापं न देता. दुसऱ्यात पहिल्यावर टेकवून पट्टीचा कोन, तिसऱ्यात रबराचं आवरण, शेवटी इंच. वरचा पडला तरी खालचा टिकू शकतो. आमचं मत विचाराल तर पैसे वाचवायचे ते इतरत्र वाचवा, दावे नोंदणीकृत पेटंट एजंटाकडूनच लिहून घ्या.

तपासणी आपोआप होत नाही, नमुना १८ भरून मागावी लागते. व्यक्तीला ४,००० रुपये. पूर्वी त्यासाठी ४८ महिने होते, मार्च २०२४ पासून ३१ आहेत. जुन्या माहितीवर विसंबून कैकजण इथं फसतात. परीक्षकाचे आक्षेप आले की उत्तराला सहा महिने, आणि अर्ज करून आणखी तीन. अर्जावर सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकू नका, आक्षेप तिथंच येतात. अर्जदारांत एक जरी महिला असली तरी ८,००० रुपयांत जलद तपासणी मागता येते. मात्र नुसतं सोयीसाठी घरातल्या बाईचं नाव संशोधक म्हणून घालू नका.

प्रश्न : हळद शिजवण्याच्या आमच्या पिढीजात पद्धतीवर पेटंट घेता येईल? (वसमत)

नाही. पारंपरिक ज्ञान कलम ३ नुसार वगळलेलं आहे, शेतीची पद्धतही वगळलेली आहे. हळदीनं जखम भरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) जुने दाखले देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं, ते याच मुद्द्यावर : हे आधीच माहीत होतं. वाफ कमी लागणारा नवा कुकर तुम्ही बनवला असेल तर तो यंत्र म्हणून वेगळा तपासला जाईल. हळदीचं नवं वाण असेल तर पेटंट नाही, २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणी.

प्रश्न : आमचा सुटा भाग जर्मनी आणि ब्राझीलला जातो. जागतिक पेटंट कसं काढायचं? (वाळूज)

जागतिक पेटंट अशी वस्तूच नाही. पीसीटी (पेटंट सहकार्य करार) हा जिनिव्हाच्या वायपो म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेमार्फतचा एक सामाईक अर्ज आहे. तो पेटंट देत नाही, वेळ देतो. मंजुरी शेवटी त्या त्या देशाचीच.

तारखा अशा मोजा. भारतात अर्ज १० जून २०२५ ला केला, तर पीसीटीची मुदत १० जून २०२६. बहुतेक देशांत उतरायची, म्हणजे तिथल्या कार्यालयात अर्ज पुढं न्यायची मुदत पहिल्या अर्जापासून ३० महिन्यांची, म्हणजे १० डिसेंबर २०२७. युरोपियन पेटंट कार्यालयाला ३१ महिने. यात एक चूक वारंवार होते : आधी तात्पुरतं वर्णन दिलं असेल तर १२ महिने त्या दिवसापासून मोजायचे, पूर्ण वर्णनाच्या तारखेपासून नव्हे.

थेट परदेशात अर्ज टाकायची घाई करू नका. कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्यानं आधी इथं अर्ज करून सहा आठवडे थांबावं, नाहीतर नमुना २५ वर लेखी परवानगी घ्यावी. ती न घेता गेलात तर इथला अर्ज सोडून दिलेला धरतात.

अर्जदार सगळे व्यक्ती असतील तर पीसीटीच्या आंतरराष्ट्रीय शुल्कात भारतीयांना ९० टक्के सूट आहे. कंपनीच्या नावानं अर्ज केलात की ती सूट जाते. खरा खर्च देशात उतरल्यावर सुरू होतो : तिथला वकील, ब्राझीलसाठी पोर्तुगीज भाषांतर, दरवर्षीची फी. जिथं माल विकता किंवा जिथं नक्कल करणारा कारखाना आहे तेवढेच देश निवडा.