आईने ‘पतसंस्थेतून बोलतोय, केवायसी संपली’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला. नाशिकरोडला राहतो, आता काय करू?

आधी १९३० ला फोन लावा, पतसंस्थेत नंतर जा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तिथे तक्रार गेली तर रक्कम गोठवता येते. सकाळी शटर उघडायची वाट बघत बसाल तर पैसे तीन खाती फिरून झालेले असतील. त्यानंतर ज्या बँकेचा ओटीपी होता तिथे कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर ‘केवायसी डॉट एपीके’ अशी, फोनमध्ये चोरांचं ॲप बसवणारी फाइल आली होती का, तेही बघा. उघडली असेल तर मोबाइल डेटा बंद करा आणि बँकेला दुसऱ्याच फोनवरून कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, फुकट आहे. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. केवायसीसाठी आम्ही झेरॉक्स मागतो (आणि वर दोनदा सही!), ओटीपी नाही. एक मात्र आहे: ओटीपी स्वतः दिला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पतसंस्थांना तर हा नियमही लागू नाही.