सहा महिने उलटून गेले, आता क्लेम घालता येतो का?

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. गेल्या वर्षी बाईकवरून वेंगुर्ला रोडनं चंदगडकडं निघालोतो, शिनोळी सोडून पुढं गेल्यावर मागून एका कारनं उडवलं, पाय दोन ठिकाणी मोडला, आत रॉड आहे अजून. ॲडमिट बेळगावात होतो, केस चंदगड पोलिसांत झाली. कारवाला लांबच्या सोयरिकीतलाच निघाला, म्हणाला कोर्टबिर्ट कशाला, बसून मिटवूया की. आम्ही पण गप्प बसलो. आता नऊ महिने झाले, तो फोन उचलंना, आणि गल्लीतले लोक म्हणायलेत सहा महिन्यात घालायला पाहिजे होतं, आता काय उपयोग नाही. खरं काय? आणि केस महाराष्ट्रात झालीय म्हणजे दर तारखेला कुबड्या घेऊन तिकडं जायचं का?

उत्तर : गल्लीतले लोक अर्धं बरोबर बोलायलेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा सहा महिन्यांचीच मुदत होती, उशिराला पटण्यासारखं कारण दिलं तर बारा महिन्यांपर्यंत चालायचं. १९९४ मध्ये ती मुदतच काढून टाकली. त्यामुळं जुनी माणसं अजून सांगतात की क्लेमला मुदत नसते, आधी पाय बरा होऊदे, रॉड निघूदे, मग बघू. पण २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिने परत आले, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि यावेळी ती कारण सांगून वाढवून घ्यायची सोय ठेवलीच नाही. मोजायचं अपघात झाला त्या दिवसापासून, डिस्चार्जच्या तारखेपासून नाही, इथंच लय जण फसतात.

आता तुमच्या कामाचं. या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला कोर्टानं अंतरिम आदेश दिला, की तिथं निकाल लागेपर्यंत सहा महिने संपले एवढ्या कारणावरून कुठल्या ट्रिब्युनलनं (म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टानं) किंवा हायकोर्टानं क्लेम फेटाळायचा नाही. म्हणजे दार उघडं आहे, पण अंतरिम म्हणजे अंतरिम, उद्या निकाल काय लागेल ते कुणाच्या हातात नाही. (आपल्याकडं सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तेवढी सवड तुमच्या क्लेमला मिळेल असं धरून चालू नका.) तर दसरा होऊदे, सुगी होऊदे असं न करता याच आठवड्यात वकील गाठा.

दुसरं एक बघून घ्या. अपघाताचा रिपोर्ट तीन महिन्यात तयार करून ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला पाठवायचं काम कायद्यानं पोलिसांचं आहे, आणि असा आलेला रिपोर्ट ट्रिब्युनलनं भरपाईचा अर्जच समजायचा आहे. चंदगडला कुणाला तरी पाठवून तो रिपोर्ट गेला का, कुठल्या कोर्टात गेला आणि कुठल्या तारखेला, हे विचारून घ्या. वेळेत गेला असेल तर तुमच्या वकिलाच्या हातात एक भक्कम मुद्दा येतो.

तारखेला तिकडं जायची गरज नाही. अपघात झाला तिथं, नाहीतर तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथं, नाहीतर समोरचा राहतो तिथं, यातलं कुठलं ट्रिब्युनल ते तुम्ही निवडायचं. बेळगावात बिनधास्त घाला. एफआयआर, पंचनामा सगळं मराठीत असणार, इथल्या कोर्टासाठी त्याचं कन्नड नाहीतर इंग्लिश भाषांतर करून ठेवा म्हणजे त्यात चार तारखा जाणार नाहीत. कदाचित अपिलाची वेळ आली तर ते हायकोर्टाच्या धारवाड बेंचला, आणि निकालापासून ९० दिवसांत.

रॉड आत आहे म्हणून थांबू नका. अर्ज आधी, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि पुढच्या ऑपरेशनची बिलं पुराव्याच्या वेळी देता येतात, आणि अर्जात आकडा कमी पडला तरी योग्य वाटलं तर ट्रिब्युनल मागितल्यापेक्षा जास्त देऊ शकतं. पण मेडिकलच्या पावत्या मात्र चिठ्ठी-चपाटीसकट सांभाळा.

आणि त्या पाव्हण्याचं. इन्शुरन्स चालू असेल, लायसन्स नीट असेल, तर पैसे विमा कंपनी देते, त्याच्या खिशातनं जात नाहीत, हे त्याला कुणी समजावून सांगितलंच नसणार. सोयरीक तुटायची भीती बाळगायचं कारण नाही. उलट स्टँपपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं मात्र कुणी कितीही चहा पाजला तरी लिहून देऊ नका.

प्रश्न : निपाणीजवळ हायवेला वडिलांना ट्रकनं ठोकरलं, खुब्याचं हाड मोडलंय. ट्रक पळून गेला, नंबर कुणाला दिसला नाही. क्लेम कुणावर घालायचा?

उत्तर : गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनची सरकारी योजना आहे, गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख. त्यासाठी कोर्टात जायचं नाही, अर्ज अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदार ऑफिसात चौकशी करून द्यायचा, सोबत एफआयआर आणि दवाखान्याचे कागद. पुढं ट्रक सापडला तर नेहमीसारखा क्लेम घालता येतो, फक्त तिथं भरपाई मिळाली की हे ५० हजार परत करावे लागतात. म्हणून पोलिसांकडं टोलनाक्याच्या सीसीटीव्हीचं फुटेज बघा म्हणून लेखी अर्ज देऊन ठेवा, ती फुटेज फार दिवस ठेवत नाहीत.