मतदान घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

टेकडी वाचवण्याचा ठराव २२ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला, हे तू मोठ्या आनंदाने कळवलंस. मला मात्र त्या नऊ जणांची काळजी लागली आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुला माहीत असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गोंड गावाची घोषणा. गावचे नेते देवाजी तोफा, गावासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही तू ऐकली असशील. पण मला घोषणेपेक्षा तिथली रीत मोलाची वाटते. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्या जाणकारानेही. तिथे नुसती चर्चा. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एखाद्याला पटत नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ जातो, जाऊ दे.

या संथपणाचं बळ पुढे दिसलं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. वनखातं वाहतूक परवाना देईना. त्याच्या लेखी बांबू म्हणजे लाकूड. वनहक्क कायद्यात तर बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, धरलेला आहे, आणि हे गावाला पक्कं ठाऊक होतं. अखेर २७ एप्रिल २०११ला मुख्यमंत्री आणि केंद्रीय पर्यावरणमंत्री गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा वाचलेलं, एका मताचं गाव होतं म्हणून ते इतका काळ टिकलं, असं मी मानतो.

आमच्या नदीच्या लढ्यात आम्ही बहुमतावर निघालो. हरलेले सात जण तेव्हा गप्प बसले. जनसुनावणीच्या दिवशी ते समोरच्या बाजूला बसलेले दिसले. त्यांतल्या एकाने मला बाहेर गाठून विचारलं, "तेव्हा माझं ऐकायला वेळ होता का तुला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मोर्चाची तारीख पुढे ढकल. येत्या रविवारपासून त्या नऊ जणांच्या घरी जा, एकटाच जा. सातबारा आणि विकास आराखड्याचा नकाशा पिशवीत असू दे, पण त्यांनी विचारल्याशिवाय बाहेर काढू नकोस. कुणाची जमीन असेल, कुणाच्या मुलाला तिथे कामाची आशा असेल. त्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. नऊच्या नऊ.

तुझा,
काका